जे काडतूस बसेल, ते हत्यार

म्हसळ्यात परवान्याचं हत्यार म्हणजे बहुतेक करून रानडुकरांपासून शेत राखणारी ठासणीची बंदूक, नाहीतर बारा बोर. रिव्हॉल्व्हर क्वचितच. निवडणुकीआधी हत्यारं जमा होत होती, तेव्हा पोलीस ठाण्याच्या टेबलावर एका व्यापाऱ्याचं रिव्हॉल्व्हर आणि शेजारी अधिकाऱ्याचं सरकारी, अशी दोन एकत्र पाहिली आणि मी तिथंच खिळलो.

दोन्ही वेब्लीच्या घराण्यातली, सहा गोळ्यांची. खटका दाबला की नळी बिजागरीवर खाली झुकते आणि चक्रातली काडतुसं एकदम वर उचलली जातात. व्यापाऱ्याचं कानपूरच्या आयुधनिर्माणीचं, .३२ बोरचं, आखूड नळीचं. अधिकाऱ्याचं .३८, म्हणजेच .३८०. हवालदारांनी रिकामी चक्रं उजेडाकडे धरली. भोकांत फरक जेमतेम सव्वा मिलिमीटर.

पण कायदा त्या सव्वा मिलिमीटरवरच उभा आहे. .३८० किंवा .४५५ चं कडवालं काडतूस ज्यात बसतं आणि उडतं, ते रिव्हॉल्व्हर शस्त्र नियमांनुसार निषिद्ध गटात जातं, मग त्याचा बोर कुठलाही असो. नळीवर काय कोरलंय हे तिथं गौण. मला ही व्याख्या फार नेमकी वाटते. सामान्य परवानाधारकासाठी कानपूरहून .३२ येतं ते यामुळेच. २०१४ मध्ये आलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोच्या आसपासचं 'निर्भीक'सुद्धा .३२ च.

"जुनं .३८ असलं तर .३२ करून मिळतं का हो?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"चक्र बदललंत तरी नळी तीच राहते ना, शेठ," हवालदार म्हणाले.

मुद्दा तोच. रुंद नळीत बारीक गोळी घट्ट धरली जात नाही. वायू बाजूनं निसटतो, नेम जातो. म्हणजे नळीही बदलायची. मग सहाही घरं एकेक करून नळीसमोर अचूक थांबली पाहिजेत. एवढं बदलल्यावर जुन्याची चौकट तेवढी उरते. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ असं रूपांतर हत्यार बनवण्याच्याच रांगेत बसवतं: परवान्याशिवाय नाही.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर उलटं घडलं. ब्रिटिश लष्करानं काढून टाकलेल्या .४५५ वेब्लींच्या चक्राची मागची बाजू घासून त्यांत .४५ चं पिस्तुलाचं काडतूस बसवलं गेलं. ते बसलं खरं, पण त्याचा दाब मूळ काडतुसाच्या दीडपटीच्या घरातला. चक्रं फुटली. जुनं वेब्ली घेणारा जाणकार आजही आधी चक्राची मागची कड तपासतो.