मशीनसमोर बसण्याआधी

आधार नोंदणीत मशीनसमोर जाणारा वेळ फार तर पंधरा-वीस मिनिटांचा. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळं, एक फोटो, पडद्यावर नाव-पत्ता वाचून घेणं आणि पावती. ज्याच्याकडे जन्मदाखला, रेशनकार्ड आणि शाळेचा दाखला आहे आणि तिन्हींवर नाव सारखंच आहे, तो सकाळी जाऊन दुपारपर्यंत घरी येतो. पण विरारच्या पूर्वेला, शिरसाडहून वज्रेश्वरी-अंबाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूला मांडवी-चांदीपचा जो पट्टा आहे, तिथल्या पाड्यांवरच्या आणि वीटभट्ट्यांवरच्या माणसासाठी ती पंधरा मिनिटं सगळ्या कामाच्या शेवटी येतात. त्याआधीचं काम मशीनचं नाहीच. ते अंगणवाडी सेविकेचं, आशाताईचं, शाळेच्या गुरुजींचं, संघटनेच्या कार्यकर्त्याचं आणि पाड्यावरच्या दहावी-बारावी झालेल्या पोराचं. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते महाराष्ट्रातल्याच आदिवासी गावात. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादे तालुक्यातलं टेंभली, तारीख 29 सप्टेंबर 2010. ज्याच्याकडे दाखवायला काहीच कागद नाही त्यालाही ओळख मिळावी, असा या योजनेचा तेव्हाचा दावा होता आणि त्यासाठी ‘परिचयकर्ता’ नावाची सोय केलेली होती. शिक्षक, अंगणवाडी सेविका, लोकप्रतिनिधी, संस्थेचा माणूस अशा नेमलेल्या व्यक्तीने ‘मी याला ओळखतो’ असं सांगून सही करायची, आणि तेवढ्यावर नोंदणी व्हायची. माझ्या मते सबंध व्यवस्थेतली सगळ्यात शहाणी कल्पना तीच होती. गावात ओळख अशीच पटते. पुढे कागदांचं महत्त्व वाढत गेलं तसा हा तोंडी मार्ग आक्रसला. आज गावाची मदत लागते ती बहुतेक दाखल्याच्या रूपात.

पहिलं काम फॉर्म भरण्याचं नाही, चौकशीचं आहे. या माणसाची नोंदणी आधी कधी झाली आहे का? ‘नाही’ हे उत्तर लगेच खरं मानू नये. 2011-12च्या सुमारास शाळांत, आश्रमशाळांत, बाजाराच्या गावी शिबिरं झाली होती. तेव्हा ठसे दिले, पावती हरवली, कार्ड टपालाने आलंच नाही, आणि माणूस विसरून गेला, असं पुष्कळदा झालेलं असतं. नवा अर्ज गेला की त्याचे ठसे आणि बुबुळं देशभरातल्या सगळ्या नोंदींशी ताडून पाहिली जातात. जुनी नोंद सापडली की नवा अर्ज ‘दुबार’ म्हणून बाद होतो. मग महिनाभर वाट पाहून पुन्हा अर्ज, पुन्हा बाद, असं चक्र सुरू होतं आणि घरचे म्हणतात, ‘याचं आधार निघतच नाही.’ अशा वेळी नव्या नोंदणीच्या मागे न लागता केंद्रावर ठसे देऊन जुना क्रमांक शोधून घ्यावा. थोडं शुल्क पडतं, पण काम त्याच दिवशी होऊ शकतं.

दुसरं काम नावाचं, आणि त्याला वेळ द्यावाच लागतो. कातकरी-वारली घरांत बुधवारी जन्मलेला बुध्या, सोमवारी जन्मलेली सोमी, होळीला झालेला होळ्या अशी नावं जुन्या पिढीत सर्रास. शाळेत बुध्याचा ‘बुधाजी’ होतो, रेशनकार्डावर ‘बुधा’, मतदार यादीत ‘बुध्या’. बाईचं नाव माहेरी एक, सासरी एक, आडनाव कुठे ‘वाघ’ तर कुठे ‘वाघे’. आधारवर जे पडेल तेच पुढे बँकेत, जातीच्या दाखल्यावर आणि घरकुलाच्या यादीत जुळवायचं असतं. म्हणून केंद्रावर जाण्याआधी घरातले सगळे कागद एका चटईवर मांडावे, वहीत प्रत्येकाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत स्पष्ट लिहावं आणि कुठलं कायम ठेवायचं ते घरच्यांनाच ठरवू द्यावं. मदत करणाऱ्याने परस्पर ‘चांगलं’ नाव सुचवू नये. नाव नंतर बदलता येतं, पण दोनदाच. जन्मतारीख एकदाच. पूर्वी तारखेचा पुरावा नसला की अंदाजाने वय सांगून चालायचं, त्यामुळे 1 जानेवारी हीच जन्मतारीख असलेली कितीतरी कार्डं पाड्यापाड्यावर भेटतात. मग शाळेचा दाखला वेगळी तारीख सांगतो, आणि ती एकुलती एक दुरुस्ती तिथे खर्ची पडते.

कागदांचे प्रश्न तीन: ओळख, पत्ता, जन्मतारीख. मतदार ओळखपत्र किंवा फोटो असलेलं रेशनकार्ड असेल तर पहिले दोन सुटतात. कागद मूळच न्यायचे. ऑपरेटर ते स्कॅन करून परत देतो, झेरॉक्सवर भागत नाही. स्वतःचा कागद नसला तरी कुटुंबप्रमुखाचं आधार असेल आणि रेशनकार्डावर दोघांचं नातं दिसत असेल, तर त्याच्या आधाराने नोंदणी होते. मात्र तो कुटुंबप्रमुख स्वतः केंद्रावर हजर हवा, त्याचेही ठसे लागतात. म्हणून नवरा भट्टीवर आणि बायको-मुलं केंद्रावर, असं करून उपयोग नाही. घरात आधी ज्याचं आधार सहज निघेल त्याचं काढावं आणि मग बाकीच्यांना त्याला जोडत न्यावं.

घर स्वतःच्या नावावर नाही, वीजबिल नाही, अशांसाठी पत्त्याचा दाखला चालतो. त्याचा ठरलेला नमुना आधार प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावर मिळतो. साध्या लेटरहेडवरचं ‘हा इसम आमच्या गावचा रहिवासी आहे’ हे पत्र बहुतेक ठिकाणी परत येतं. नमुन्यावर ताजा फोटो चिकटवून सही-शिक्का फोटोवरून कागदावर उतरेल असा घ्यायचा. त्यावर तारीख घालायला विसरू नये, कारण हा दाखला तीन महिनेच चालतो. ग्रामपंचायत असेल तिथे सरपंच किंवा ग्रामसेवक तो देतात. तहसीलदार, आमदार, नगरसेवक, राजपत्रित अधिकारी यांचाही चालतो.

वसईच्या या भागात सहीबाबत एक खास अडचण झाली. वसई-विरार महापालिका 2009मध्ये झाली, तेव्हा अनेक ग्रामपंचायती तिच्यात विलीन झाल्या, म्हणजे सरपंच गेले. 29 गावं वगळण्याचा वाद न्यायालयात वर्षानुवर्षं चालला. त्यातच 2020मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक लांबत जाऊन प्रशासकाचा कारभार सुरू राहिला, म्हणजे नगरसेवकही गेले. सही कोणाची घ्यायची, हा प्रश्न त्या काळात खराखुरा होता. अशा वेळी शाळेचे मुख्याध्यापक विद्यार्थ्यांसाठी देऊ शकतात तो दाखला आणि वसईचं तहसील कार्यालय हे दोन जवळचे आधार उरतात. निवडणुका होतात, मुदती संपतात; तेव्हा मदत करणाऱ्याच्या वहीत सही करू शकणाऱ्यांची यादी एकापेक्षा जास्त नावांची असावी.

आता जन्मदाखला. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून दुसरा कुठलाही कागद चालत नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर नोंद तिथूनच होते. खरी गुंतागुंत भट्टीवरच्या जन्माची. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची, वाड्याकडची कुटुंबं बयाणा घेऊन वसई-भिवंडीच्या भट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात झोपडीत झालेल्या बाळाची नोंद घरच्या गावी होत नाही. जन्म जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे ती करावी लागते, आणि मुदत 21 दिवसांची. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्यासाठी नोंद नसल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, साक्षीदार असं सगळं उभं करावं लागतं आणि महाराष्ट्रात अलीकडे ही तपासणी बरीच कडक झाली आहे. आशाताईने भट्टीवरच्या गरोदर बाईचं नाव आणि घरचं गाव आधीच टिपून ठेवलं आणि 21 दिवसांत नोंद करून घेतली, तर पुढची वर्ष-दोन वर्षांची पायपीट वाचते. सबंध साखळीत इतक्या कमी श्रमात इतका फायदा दुसरीकडे कुठेच नाही.

पाच वर्षांखालच्या मुलाचे ठसे घेत नाहीत. फक्त फोटो, आणि आईचे किंवा वडिलांचे ठसे. पाचव्या वर्षानंतर आणि पुन्हा पंधराव्या वर्षानंतर मुलाचे स्वतःचे ठसे द्यायचे असतात. 5 ते 7 आणि 15 ते 17 या वयांत ते मोफत आहे. पहिली नोंदणी तर कोणत्याही वयात मोफतच. फॉर्मचेही पैसे नाहीत. केंद्राबाहेर बसून फॉर्मचे पन्नास-शंभर घेणारा भेटला तर तो त्याचा धंदा आहे, सरकारी फी नव्हे.

अठरा पूर्ण झालेल्याची पहिलीच नोंदणी मात्र आता कोणत्याही केंद्रावर होत नाही. ठराविक केंद्रांवरच होते आणि राज्य सरकारकडून पडताळणी झाल्यावरच क्रमांक मिळतो. त्याला सहा महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. चौकशीला कोणी पाड्यावर आलं आणि घर बंद दिसलं तर अर्ज अडकतो. म्हणून असे अर्ज पावसाळ्यात, माणसं घरी असताना करावेत. पत्ताही भट्टीचा न देता घरच्या पाड्याचा द्यावा. रेशन आणि जातीचा दाखला तिथेच आहेत, आणि पुढच्या हंगामात भट्टी बदलली तरी पाडा बदलत नाही.

15 नोव्हेंबर 2023ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींसाठी आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँक खातं एकाच शिबिरात देण्याची तरतूद झाली. असं शिबिर पाड्यावर येणार असेल तर अर्धा प्रश्न सुटतो, पण शिबिराचा दिवस कागद गोळा करण्याचा नसतो. आदल्या आठवड्यात यादी आणि कागद तयार नसतील तर किट येतं, वीज जाते, नेट रेंगाळतं आणि संध्याकाळी निम्मी माणसं तशीच परत जातात. श्रमजीवी संघटनेचं उसगाव इथून फार लांब नाही. संघटनेने 1982पासून वेठबिगार कातकऱ्यांमध्ये जे काम तिथून उभं केलं, त्यामुळे या भागात दाखल्यांसाठी मोर्चा काढणं लोकांना माहीत आहे. मोर्च्याच्या आधीची यादी करणं मात्र प्रत्येक पाड्याला स्वतःच करावं लागतं.

मशीनसमोरची अडचण बहुधा ठशांची. वर्षानुवर्षं चिखल कालवून, विटा थापून बोटांच्या रेषा झिजतात. हात साबणाने धुऊन, पुसून पुन्हा प्रयत्न करावा. तरी उमटले नाहीत तर ऑपरेटरने परत पाठवणं चूक आहे. बोटं चालत नसतील तर बुबुळांवर नोंदणी होते, दोन्ही चालत नसतील तर अपवाद म्हणून नोंदवता येते. केंद्र सरकारने डिसेंबर 2023मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. हे वाक्य मदतनिसाने तोंडपाठ ठेवावं आणि ऑपरेटरला शांतपणे सांगावं.

मोबाईल क्रमांक सक्तीचा नाही, पण तो कोणाचा दिला जातो याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं. घरात फोन नाही म्हणून मुकादमाचा, शेठचा किंवा कार्यकर्त्याचाच नंबर घातला जातो. पुढे ओटीपी त्या फोनवर जातो, म्हणजे माणसाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. भलेपणानेही असं करू नये. नंबर नसेल तर रिकामं सोडावं, नंतर स्वतःचा जोडता येतो.

शेवटी पडदा नोंदणी करून घेणाऱ्याच्या बाजूला वळवायला सांगून नाव, वय, पत्ता मोठ्याने वाचून घ्यावं. वाचता न येणाऱ्यासाठी हे मदतनिसाचं सगळ्यात महत्त्वाचं काम. पावतीवर 14 आकडी नोंदणी क्रमांक आणि तारीख-वेळ असते. तिचा फोटो काढून वहीतही आकडे उतरवावे. पावती हे आधार नव्हे, पण क्रमांक येईपर्यंत ती आणि दुसरा ओळखीचा कागद दाखवून रेशन किंवा योजनेचा लाभ मागता येतो. फक्त आधार नाही म्हणून शाळेने मुलाला प्रवेश नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018च्या निकालात सांगितलंय. आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही, हेही घरच्यांना सांगून ठेवावं, नाहीतर गावात अफवांना तोटा नसतो. महिना-दोन महिन्यांत काही कळलं नाही तर 1947 या मोफत क्रमांकावर मराठीत विचारता येतं.

अंगणवाडीतल्या पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलांची यादी याच वहीच्या मागच्या पानावर असावी. त्यांचे ठसे भट्टीचा हंगाम सुरू होण्याआधी, दिवाळीपूर्वीच देऊन टाकायचे असतात.