सांदवाडीतली बिऱ्हाडं

मारेगाव हे काही वाळवंट नव्हे. श्रावणात इथं येऊन गेलेल्या पाहुण्याला हा भाग कोरडा आहे असं सांगितलं, तर त्याला ते पटायचं नाही. नजर जाईल तिथं कपाशी आणि तूर, लांबवर सागाचं रान, आणि पलीकडे वर्धा नदी. पण होळी झाली की सगळं पालटतं. काळी माती आटत जाते, तिला भेगा पडतात, आणि मे महिन्यात त्या भेगेत हाताचा पंजा सहज जातो. पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळतो. या चार महिन्यांत माणूस कूलरसमोर बसतो. पाखरांनी, सरड्यांनी, खारींनी कुठं बसायचं?

आमच्या जिल्ह्यात ‘वन्यजीव’ म्हटलं की एकच प्राणी डोळ्यांसमोर येतो. टिपेश्वरचं अभयारण्य जवळ आहे, आणि राळेगाव-पांढरकवडा भागातल्या तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली अवनी वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी बोराटीच्या जंगलात मारली गेली, तेव्हा झालेला वाद अजून लोकांच्या बोलण्यात येतो. त्या वादात पडण्याचा माझा अधिकार नाही. माझा संबंध येतो तो घरामागच्या दीड गुंठ्याशी, आमच्याकडच्या भाषेत सांदवाडीशी. तिथं राहणाऱ्यांना वन्यजीव म्हणायला कुणी तयार नसतं. शिंपी, बुलबुल, सातभाई, सरडा, बेडूक, मुंगूस. यांच्यासाठी मोर्चा निघत नाही आणि यांच्या विरोधातही निघत नाही. ते नुसते कमी होत जातात.

नव्या वस्तीतल्या बागा पाहाव्यात. फाटकापासून ओट्यापर्यंत फरशी, कडेनं रंगीत क्रोटन, दोन शोभेचे पाम आणि ज्याला टँकर परवडतो त्याच्याकडे लॉन. दिसायला हिरवं, पण त्या हिरव्यावर जगणारं जवळजवळ काही नाही. यामागचं कारण सोपं आहे. दाणे खाणारी चिमणीसुद्धा आपल्या पिलांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच भरवते. अळी हवी तर तिच्या पसंतीचं पान हवं, आणि अळ्यांच्या आवडीनिवडी आपल्या नातवंडांपेक्षा कडक. लिंबावरची अळी लिंबू, कढीलिंब, बेल याच घराण्यातलं पान खाईल. क्रोटनकडे ढुंकून पाहणार नाही. म्हणून पान कुरतडलेलं दिसलं की आमच्या घरात आता ‘कीड लागली’ असं कुणी म्हणत नाही.

ही लिंबावरची अळी एकदा निरखून पाहावी. लहान असते तेव्हा ती हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. खाणाऱ्यानं किळस येऊन पुढं जावं, हा डाव. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान ज्याला दिला, ते काळं-निळं मोठं फुलपाखरू याच घराण्यातल्या झाडांवर वाढतं. रुईचा प्रकार त्याहून नामी. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो ती रुई. तिचा चीक विषारी. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक अळी ती पानं खाते, विष अंगात साठवते, आणि तिचं पुढं होणारं नारिंगी फुलपाखरू पाखरांना इतकं कडू लागतं की ते उन्हात आरामात, घाई न करता उडतं. रुईला पाणी घालावं लागत नाही, खत लागत नाही. तरी लोक ती दिसली की उपटतात.

आमच्याकडे कडुनिंब होताच. त्याच्या निंबोळ्या पिकल्या की मैना, बुलबुल, पोपट यांची जत्रा भरते. त्याच्या जोडीला बोर, बेल, भोकर, निरगुडी, अडुळसा आणि कोपऱ्यात एक पळस लावला. पळसाला पानं नसतात त्याच दिवसांत, रान कोरडं पडलेलं असताना फुलं येतात, आणि सूर्यपक्ष्यांपासून कोतवालापर्यंत सगळे त्याच्यावर तुटून पडतात. उंबर लावायचा मोह आवरला. दीड गुंठ्यात त्याची मुळं विहिरीच्या आणि भिंतीच्या मुळावर येतील. रायमुनियाचं झुडूप मात्र काढलं. फुलपाखरं तिच्या फुलांवर येतात हे खरं, पण ती परदेशातून आलेली आणि एकदा शिरली की दुसऱ्याला जागा ठेवत नाही. रोपं पहिला पाऊस मुरल्यावर लावली. पहिले दोन उन्हाळे त्यांच्या बुडाशी बारीक छिद्राचं मडकं पुरून ठेवलं, त्यात आंघोळीचं पाणी. पुढं तेही बंद केलं.

पाखरांच्या पाण्याबद्दल एक-दोन गोष्टी. भांडं उथळ हवं, दोन बोटं पाण्याचं, आणि त्यात एक खडबडीत दगड, म्हणजे मधमाशी बुडत नाही. आडोशाजवळ ठेवावं, पण मांजराला दबा धरता येईल इतकं जवळ नको. पाणी रोज सकाळी ओतून नवं भरावं. नाहीतर पाखरांऐवजी डासांचं पुण्य पदरात पडायचं.

औषधाचा विषय आमच्या भागात नुसता बागेचा राहत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात पोचले. पीककर्जाच्या कागदांत ‘कीटकनाशके’ या रकान्यातला आकडा मी बँकेत असताना वर्षानुवर्षं नुसता आकडा म्हणून वाचला. शेतकऱ्याला निदान पोटाची सक्ती असते. चार गुलाबांसाठी तीच बाटली घरात आणणाऱ्याला कसली सक्ती आहे, मला कळत नाही. फारच मावा झाला तर पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो: पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, गाळून शंभर लिटर करायचं. बागेला त्याचा विसावा हिस्साही खूप झाला.

आता सापाचं. सगळ्या प्रकरणातला हा खरा अवघड भाग, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्या निसर्गप्रेमींवर माझा विश्वास नाही. शेजारच्या वहिनी एकदा भिंतीवरून म्हणाल्या, “काकाजी, जंगल वाढवून ठेवलं जी तुम्ही! साप निंगन ना एखाद्या दिवशी. आमच्या घरी लहान लेकरू हाय.” त्यांचं चुकीचं नव्हतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही जातींचं नाव आमच्या भागात लोक धास्तीनंच घेतात, आणि अंधारात अनवाणी चालणाऱ्याला ‘साप शेतकऱ्याचा मित्र’ हे वाक्य ऐकवणं बरं नव्हे.

मग आम्ही दोन्ही घरांनी बसून ठरवलं. झुडपं भिंतीपासून चार हात आत घेतली, मधला पट्टा झाडून मोकळा. घराजवळ विटा, लाकडं, कडबा यांचा ढीग नाही. धान्य सांडू द्यायचं नाही, कारण साप येतो तो उंदरामागं. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकायचं नाही. मण्यार रात्री निजलेल्यालाच गाठते. हातात बॅटरी, पायात चप्पल. आणि दंश झालाच तर मांत्रिक नाही, ब्लेडनं कापाकापी नाही. सरळ सरकारी दवाखाना, तिथं लस मिळते. त्यांच्या पोराला मी पुस्तकातली चित्रं दाखवून धामण ओळखायला शिकवलं: लांबलचक, चपळ, बिनविषारी, उंदरांची वैरी. पण लांबूनच बघायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची, हेही त्याच्याकडून दहा वेळा वदवून घेतलं. हिचं म्हणणं, मी पोराला जरा जास्तच शिकवतो.

गेल्या पावसाळ्यात शिंप्यानं लिंबाची दोन पानं कापसाच्या धाग्यानं शिवली. कापसाच्या मुलखात त्याला धाग्याची वाण नाही; गाड्या जिनिंगला जातात तेव्हा वाटेवरच्या बाभळींना पुंजके लटकून राहतात. पिलं उडून गेली त्याच आठवड्यात शेजारून हाक आली. भिंतीच्या पायथ्याशी पाच-सहा हात लांबीचं काहीतरी सावकाश सरकत होतं. वहिनी ओट्यावर उभ्या होत्या, हातात काठी नव्हती. पोरगं त्यांचा पदर धरून ओरडत होतं, “आजोबा, तुमची धामण आमच्या घरी आली जी!”