कापसाचा गारवा

एप्रिल लागला की खामगावच्या दुकानांपुढे एसीची खोकी उतरू लागतात. त्यातल्या काहींवर 'व्होल्टास' हे नाव असतं. ही टाटांची कंपनी, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. नावातला 'टास' टाटांचा, हेही लक्षात येतं. मग 'व्होल' कुणाचा? तो व्होलकार्ट या स्विस व्यापारी पेढीचा. या पेढीची माणसं एकोणिसाव्या शतकातच आपल्या खामगावात कापूस घ्यायला येऊन बसली होती. घर थंड करणाऱ्या यंत्राचा इतिहास शोधत मी मुंबईपर्यंत गेलो आणि वाट वळून पुन्हा आपल्याच बुलडाणा जिल्ह्यात आली, त्याची ही हकिगत.

सालोमन आणि योहान गेओर्ग व्होलकार्ट या दोन भावांनी १८५१ मध्ये पेढी काढली, तीही एकाच वेळी स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरला आणि मुंबईत. हिंदुस्थानातून कापूस आणि इतर कच्चा माल न्यायचा, युरोपातून तयार माल आणायचा, असा धंदा होता. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आपल्या वऱ्हाडाची आठवण झाली. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव करत नागपूरला पोचली. खामगावची बाजारपेठ मात्र रुळापासून दूर पडली होती. म्हणून केवळ कापसासाठी जलंबहून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा फाटा टाकला गेला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. आधी मुंबईत बसून दलालांकडून माल घेणारे युरोपीय व्यापारी आता थेट बाजारात उतरले. व्होलकार्टची खरेदी इथे सुरू झाली, गाठी बांधायचा प्रेस उभा राहिला.

मुंबईत बसून भागत नव्हतं, याची कारणं अनेक होती. त्यातलं एक आजही प्रत्येक कापूस उत्पादकाला छळतं, ते म्हणजे ओलावा: माल जागेवर हाताळल्याशिवाय त्यात पाणी किती हे कळत नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) केंद्रावर गाडी लागली की आधी ओलावा मोजतात. ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि १२ च्या वर गेला तर माल परत. रात्री दव पडलं, सकाळी वेचणी केली आणि गंजी झाकून ठेवली तरी कापूस हवेतलं पाणी पितोच. त्याच्या तंतूचा बहुतेक भाग सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. हवा दमट असेल तर तंतू पाणी ओढून घेतो, कोरडी असेल तर सोडून देतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल, तर रुईत तिच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी मुरतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा काटछाटीचा मामला असतो. गिरणीत मात्र हेच पाणी हवंहवंसं असतं, कारण ओलसर कापूस जास्त मजबूत असतो. हवा कोरडी पडली की धागे तटातट तुटतात, विजेचा भार साठून तंतू एकमेकांपासून फाकतात आणि चात्या थांबवून धागे जोडत बसावं लागतं.

एअर कंडिशनिंग हा शब्द जन्मला तो याच अडचणीतून. अमेरिकेतल्या शार्लटचे स्टुअर्ट क्रेमर हे कापड गिरण्यांचे अभियंता होते. गिरणीतल्या हवेत हवा तेवढा ओलावा राखण्याच्या खटाटोपाला त्यांनी १९०६ मध्ये हे नाव दिलं. माणसाला गार वाटावं हा त्यांचा हेतूच नव्हता, त्यांना सूत सांभाळायचं होतं. त्याआधी चार वर्षं, म्हणजे १९०२ मध्ये, विलिस कॅरियर या तरुण अभियंत्यानं न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यासाठी यंत्र आखलं होतं. तिथे गोष्ट उलटी होती. दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगांवर रंग नेमके बसायचे नाहीत, म्हणून हवेतलं पाणी काढायचं होतं. हवा थंड नळ्यांवरून नेली की पाणी नळ्यांवर साचून गळतं. आज एसीच्या नळीतून बादलीत टपकणारं पाणी तेच. एके ठिकाणी हवेत पाणी घालायचं होतं, दुसरीकडे काढायचं होतं. माणसाचा आराम दोन्हीकडे नंतर आला. मला या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

व्होलकार्ट पुढे केवळ कापसाची पेढी राहिली नाही. विसाव्या शतकात ती यंत्रसामग्रीच्या आयातीतही उतरली. स्वातंत्र्यानंतर परदेशी पेढीला इथे एकट्यानं चालणं अवघड होत गेलं आणि ६ सप्टेंबर १९५४ रोजी टाटा सन्स आणि व्होलकार्ट ब्रदर्स यांनी मिळून व्होल्टास उभी केली. शीतकरण आणि वातानुकूलन हा तिचा कणा झाला, पण कापूस सुटला नाही. कोइम्बतूरच्या लक्ष्मी मशीन वर्क्सची सूतकताई यंत्रं विकण्याचं काम तिनं दीर्घकाळ केलं. पुढे दुबईच्या बुर्ज खलिफाच्या वातानुकूलनाच्या कामातही ती होती. मुंबईतच १९४३ मध्ये मोहन अडवाणी यांनी ब्लू स्टार काढली होती, तीही जुने एसी आणि फ्रिज दुरुस्त करण्यापासून. 

या यंत्राच्या आत काय चालतं? एसी थंडी तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. नळ्यांतून एक द्रव फिरतो. तो खूप कमी तापमानाला उकळतो. खोलीतल्या नळ्यांत दाब कमी असतो, तिथे तो उकळून वायू होतो आणि उकळायला लागणारी उष्णता खोलीच्या हवेतून घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो. दाबल्यावर तो तापतो, बाहेरच्या ४४ अंशांच्या हवेपेक्षाही गरम होतो, म्हणूनच त्या हवेला उष्णता देऊन पुन्हा द्रव होऊ शकतो. पुढे बारीक छिद्रातून जाताना त्याचा दाब पडतो आणि फेरा पुन्हा सुरू. हाच फेरा उलट फिरवला तर हिवाळ्यात तेच यंत्र बाहेरची उष्णता आत आणतं. 'हॉट अँड कोल्ड' एसीत एवढंच केलेलं असतं.

आणि 'दीड टन' म्हणजे काय? हे वजन यंत्राचं नाही, बर्फाचं आहे. यंत्रं नव्हती तेव्हा थंडावा बर्फानं मोजत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ कापून लाकडाच्या भुशात गुंडाळून मुंबईपर्यंत जहाजानं येई. एक अमेरिकी टन बर्फ, म्हणजे सुमारे ९०७ किलो, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी क्षमता म्हणजे एक टन, साधारण साडेतीन किलोवॉट.

आता आपल्या पत्र्याच्या कूलरकडे येऊ. जिल्ह्यातल्या बहुसंख्य घरांचा उन्हाळा अजून त्याच्यावरच निघतो. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोजूल उष्णता घेतं. दीड टनाचा एसी तासाला जेवढी उष्णता उचलतो, तेवढी जेमतेम आठ लिटर पाण्याची वाफ होताना खर्च होते. आजीच्या माठाचं आणि वाळ्याच्या पडद्याचं गणितही हेच. कूलरनं त्याला पंखा आणि टुल्लू पंपाची जोड दिली. त्याला वीज दोनशे वॉटच्या आसपास लागते, एसीला सात-आठ पट.

कूलर किती गार करील हे हवा किती तहानलेली आहे त्यावर ठरतं. मे महिन्याच्या दुपारी नांदुऱ्याला पारा ४४ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २३ अंशांच्या आसपास थांबेल. गवताच्या चांगल्या ताट्यांचा कूलर या दोन आकड्यांमधलं तीन-चतुर्थांश अंतर कापतो, म्हणजे २८ अंशांची हवा देतो. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना हाच कूलर ३० अंशांची हवा देईल, तीही चिकट. म्हणून मुंबईतले नातेवाईक कूलरला नावं ठेवतात आणि इथे त्याच्यापुढे झोपले की उठत नाहीत. त्याच्यासमोरची खिडकी मात्र उघडी हवी. ओली झालेली हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोलीच मुंबई होते.

घाटावरच्या लोकांना हे सगळं थोडं कमी लागतं. बुलडाणा शहर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर, तर घाटाखालची मलकापूर, खामगाव ही गावं त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवर. कोरड्या दुपारी वर चढणारी हवा दर शंभर मीटरला साधारण एक अंश थंड होते. म्हणजे राजूरचा घाट चढून आलं की सावलीतही तीनेक अंशांचा फरक. त्याला ना कॉम्प्रेसर लागतो ना ताट्या.

घाटाखाली मात्र आणखी एक अडचण आहे आणि तिच्याबद्दल एसी-कूलर विकणारे कुणी बोलत नाहीत. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा पट्टा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुऱ्यापर्यंत पसरला आहे. कूलरमधलं पाणी उडून जातं, त्यातले क्षार उडत नाहीत. टाकीत तेच पाणी फिरत राहतं, वर नवं खारं पाणी पडतं आणि क्षार दाटत जातात. हंगामाच्या मध्यावर ताट्यांमधलं गवत हातात घेतलं तर ते काडीसारखं कडक लागतं, अंगावर पांढरा थर चढलेला असतो. हवा त्यातून जात नाही, पाणी झिरपत नाही आणि पंपाच्या जाळीत खडा बसतो. उपाय साधा आहे: दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करायची, नुसती भरत राहायचं नाही. ते पाणी झाडांना घालायचं नाही, कारण त्यात आता विहिरीच्या पाण्याच्या कितीतरी पट मीठ आहे. पण ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते तिथे टाकी रिकामी करा हे कुणाला सांगायचं? दिवसाला शंभर लिटर पाणी कूलरला देणारं घर आणि दोन हंड्यांवर दिवस काढणारं घर एकाच गल्लीत असतं. गोड्या पाण्याची योजना पोचली नसेल तिथे गारवाही पोचत नाही, हे मला सांगावंसं वाटतं.

एसीचंही ओझं आहेच. त्यातला जुना आर-२२ वायू ओझोनच्या थराला घातक, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराखाली तो मोडीत निघतो आहे. त्याच्या जागी आलेले काही वायू पृथ्वी तापवतात. विजेचा प्रश्न आणखी मोठा. २०२० पासून नवे एसी आपोआप २४ अंशांवर सुरू होतील असं बंधन आलं, ते १८ वर ठेवण्याच्या सवयीला वेसण घालण्यासाठीच.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मृगाचे ढग अजिंठ्याच्या डोंगरावर येतात. आर्द्रता सत्तरीपार जाते आणि कूलर एका दिवसात निरुपयोगी होतो. ताट्या काढून उन्हात टाकल्या जातात, टाकी उपडी केली जाते, पत्र्याचा खोका गच्चीवर किंवा जिन्याखाली जातो. हवेत आलेल्या त्याच ओलाव्याची इतके दिवस वाट पाहिलेलं घरातलं दुसरं माणूस अंगणात कापसाच्या बियाण्याच्या पिशव्या मोजत असतं.