हिवाळ्यातील बालविभाग

घोडनदीच्या काठी वसलेले शिरूर आणि भीमेच्या काठी वसलेले दौंड ही पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन तालुक्यांची ठिकाणे होत. शिरूर हे पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या मार्गावरचे बाजारपेठेचे गाव. जुनी माणसे त्यास अजूनही घोडनदी म्हणूनच ओळखतात. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. सोलापूरकडे आणि मनमाडकडे जाणारे लोहमार्ग तेथे वेगळे होतात. सह्याद्रीपासून हा मुलूख दूर असल्यामुळे येथे पाऊस बेताचाच पडतो. परंतु हिवाळा मात्र मोठा प्रसन्न असतो. शेतात ज्वारी डोलू लागते, पुढे हुरड्याच्या आगट्या पेटतात, आणि सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळून लांबलचक रात्रीला आरंभ होतो.

वाचनालयाचे खरे दिवस हेच. उन्हाळ्यात दुपारी घराबाहेर पडवत नाही. पावसाळ्यात वाटा चिखलाने भरतात, आणि दमट हवा पुस्तकांनाही मानवत नाही. त्यांना कसर लागते, पाने एकमेकांस चिकटतात. हिवाळ्यात मात्र दिवाळीची सुटी संपून शाळेचे दुसरे सत्र सुरू झालेले असते, वार्षिक परीक्षेला अजून अवकाश असतो, आणि पुस्तके कोरडी, माणसे ताजीतवानी असतात. म्हणून वाचनालयाच्या बालविभागाचे बहुतेक उपक्रम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या काळात योजले जातात.

बालविभाग म्हणजे मोठ्यांच्या कपाटाशेजारी ठेवलेले मुलांचे कपाट, अशी पुष्कळांची समजूत असते. ती पुरेशी नाही. मुलांच्या विभागातील फळ्या आठ वर्षांच्या मुलाचा हात पोहोचेल इतक्या सखल असाव्या लागतात. पुस्तकांचे कणे तेवढे दिसावेत अशा रीतीने ती दाटीवाटीने न लावता, काही पुस्तकांची मुखपृष्ठे समोर येतील अशी मांडावी लागतात; कारण लहान मुलगा पुस्तक निवडतो तो ग्रंथकाराचे नाव पाहून नव्हे, चित्र पाहून. बसायला सतरंजी असली तरी चालते, पण उजेड भरपूर हवा. आणि कपाटाला कुलूप नको! एका गावच्या वाचनालयात बालसाहित्याचे सुरेख कपाट मी पाहिले आहे. काचेतून सारी पुस्तके दिसत. किल्ली मात्र ज्यांच्याजवळ असे ते गृहस्थ आठवड्यातून एकदाच येत. त्या पुस्तकांचे कोपरे आजही नव्यासारखे कोरे असतील.

या बाबतीत डॉ. रंगनाथन यांचे नाव घेतले पाहिजे. ते मुळात गणिताचे अध्यापक; १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. त्यांतील पहिलेच सूत्र असे की, पुस्तके ही उपयोगासाठी असतात. हे वाक्य ऐकताना तुम्हांस फार साधे वाटेल. परंतु ते ध्यानी घेतले, म्हणजे सखल फळ्या, उघडे कपाट आणि सायंकाळपर्यंत उघडे राहणारे दार या सर्व गोष्टी त्यातून आपोआप निघतात.

आता बालविभागातील मुख्य उपक्रम पाहू. तो म्हणजे गोष्टीचा तास. नाव तास असले तरी अर्ध्या-पाऊण घटकेहून अधिक तो चालवू नये, असे माझे मत आहे. मुले अर्धवर्तुळात बसतात. वाचणारा मनुष्य पुस्तक आपल्या छातीशी धरून, चित्रे मुलांकडे करून बसतो, आणि सावकाश, आवाजाचे चढउतार सांभाळून वाचतो. गोष्ट तोंडपाठ सांगणे आणि पुस्तकातून वाचून दाखवणे यांत एक महत्त्वाचा भेद आहे. तोंडी गोष्ट आजीही सांगते, आणि बहुधा आपणांहून चांगली सांगते. पुस्तकातून वाचलेली गोष्ट मात्र मुलाला हे दाखवून देते की, एवढी मौज या काळ्या अक्षरांत दडलेली आहे आणि ती अक्षरे आपल्यालाही येतात. म्हणून कुशल वाचक गोष्ट ऐन रंगात आली की थांबतो, पुस्तक मिटतो, आणि ते कोणत्या फळीवर ठेवतो ते सर्वांना दिसेल असे ठेवतो. दुसऱ्या दिवशी ते तेथे सापडत नाही! ते कोणाच्या तरी घरी कंदिलापाशी म्हणा, विजेच्या दिव्यापाशी म्हणा, वाचले जात असते.

गोष्टींची निवडही विचारपूर्वक करावी लागते. आपल्या ओळखीच्या गावाचे नाव कथेत आले की मुले सावरून बसतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा फुरसुंगीचा मुलगा. फुरसुंगी हवेली तालुक्यात, म्हणजे दौंडच्या शेजारच्याच तालुक्यात आहे. हे कळताच तो पुस्तकातला मुलगा शेजारच्या आळीतला होऊन जातो. नियतकालिकांचाही बालविभागात मोठा उपयोग होतो, कारण त्यांतील मजकूर लहान असतो आणि नवा अंक येण्याची ओढ लागते. मराठी मुलांसाठी मासिके काढण्याची परंपरा जुनी आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ सुरू केले, वा. गो. आपटे यांचा ‘आनंद’ १९०६ सालचा. पाठ्यपुस्तक मंडळाचा ‘किशोर’ १९७१ साली निघाला आणि तो आजही निघतो.

हिवाळ्यात स्मरणाचे दिवसही बरेच येतात. १४ नोव्हेंबरला बालदिन असतो आणि त्याच दिवशी ग्रंथालय सप्ताहास प्रारंभ होतो. २४ डिसेंबर हा साने गुरुजींचा, तर ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस. ६ जानेवारीस, १८३२ साली निघालेल्या ‘दर्पण’ पत्राचे आणि बाळशास्त्री जांभेकरांचे स्मरण करतात. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन येतो. हे दिवस साजरे व्हावेत, यात शंका नाही. परंतु पाच पाहुण्यांनी भाषणे करावीत आणि साठ मुलांनी मांडी घालून ऐकावीत, पुस्तके मात्र फळीवरच राहावीत, अशा रीतीने ते पार पडले तर वाचनाला त्याचा लाभ काय? त्यापेक्षा मुलांकडून हस्तलिखित करवून घ्यावे. कोणी वाचलेल्या पुस्तकाविषयी दहा ओळी लिहितो, कोणी आपल्या गावच्या आठवडे बाजाराचे चित्र काढतो, कोणी कोडी रचतो. वळणदार अक्षराचा मुलगा सारे एकत्र उतरून काढतो. असे हस्तलिखित वाचनालयाच्या मेजावर ठेवले, म्हणजे ते पाहण्यासाठी मुलांचे पालकही येतात, आणि आलेला पालक पुष्कळदा सभासद होऊन जातो.

दौंडमध्ये आणखी एक विशेष लक्षात घ्यावा लागतो. रेल्वे आणि राज्य राखीव पोलीस दल यांच्यामुळे तेथे नाना ठिकाणची कुटुंबे बदलीवर येतात. शिरूर तालुक्यातही रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे परप्रांतीय कामगारांची मुले आहेत. एखाद्याच्या घरी हिंदी बोलतात, एखाद्याच्या घरी तेलुगू. अशा मुलांसाठी थोडी द्विभाषिक चित्रपुस्तके ठेवली, तर ती मराठीत लवकर रमतात.

येथवर आपण वाचनालयात येणाऱ्या मुलांचा विचार केला. जी मुले येऊच शकत नाहीत, त्यांचे काय? याच हिवाळ्यात भीमा व घोड या नद्यांच्या आणि कालव्यांच्या आधाराने वाढलेला ऊस तोडणीस येतो आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. त्या सुमारास बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतील दुष्काळी भागांतून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या येतात. नवराबायकोच्या जोडीस मिळून एक ‘कोयता’ असे म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ही जोडपी पहाटेच्या थंडीत फडात उतरतात, आणि मुले तळावरच्या कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळीत राहतात. तिसरीचौथीपर्यंत वाचायला शिकलेली मुलगी पाच-सहा महिने छापील अक्षर पाहत नाही. गावी परतल्यावर ती पुन्हा अडखळू लागते, आणि पुढे एके दिवशी शाळेत जायचे टाळते.

वाचनालय त्या तळापासून दोन कोसांवर असले, तरी तिला ते दूरच असते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला, आणि त्यानुसार मान्यताप्राप्त ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणे शासकीय अनुदान मिळते. तथापि बहुतेक वाचनालये स्थानिक संस्थाच चालवितात. पुस्तक घरी न्यायचे तर सभासदाला वर्गणी आणि अनामत रक्कम भरावी लागते, कायमचा पत्ता द्यावा लागतो. पुस्तके गहाळ होऊ नयेत म्हणून हे नियम आहेत. ते वाईट नव्हेत. पण ज्याचे घर चार महिन्यांत चार फडांवर हलते, त्याने कोणता पत्ता लिहावा?

या अडचणीवरचा एक उपाय शंभर वर्षांहूनही पूर्वी एका मराठी राजाने करून पाहिला होता. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी झाला. दत्तक होऊन बडोद्यास गेल्यावरच त्यांचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले. राज्यावर आल्यावर त्यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. परंतु शिकलेले अक्षर वापरावयास पुस्तक मिळाले नाही तर ते पुसून जाते, हे त्यांनी ओळखले. अमेरिकेतील ग्रंथालये त्यांनी स्वतः पाहिली होती. तेथील विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास १९१० साली पाचारण करून त्यांनी राज्यभर वाचनालयांचे जाळे उभारले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी निराळे दालन होते, आणि त्यात चित्रांच्या पुस्तकांबरोबर बैठे खेळही ठेवलेले असत. जेथे वाचनालय नव्हते तेथे फिरत्या पेट्या जात. लाकडी पेटीत पंधरापासून तीसपर्यंत पुस्तके भरून ती खेड्यात पाठवायची, आणि वाचून झाली की परत मागवून दुसरी धाडायची, अशी ती व्यवस्था होती.

या पेटीची खुबी अशी की, तिच्यामुळे अनामतीचा प्रश्नच उरत नाही. पुस्तकांची जबाबदारी मुलावर नसते. पेटी ज्याच्या स्वाधीन केली, त्या एका शिक्षकावर किंवा एका ग्रामस्थावर असते. शिरूर-दौंडच्या तळांसाठी अशी पेटी फार मोठी नको. तीस पुस्तके आणि तीस मुले असे धरा. दर आठवड्यास पुस्तक बदलले, तर हंगामाच्या सोळा आठवड्यांत प्रत्येक मुलाच्या हाती सोळा पुस्तके येतील. म्हणजे तीस पुस्तकांतून चारशे ऐंशी वेळा वाचन घडेल. पेटी तळावर नेण्याची वेळ मात्र जपावी लागते. आईबाप फडात असतात तेव्हा मोठ्या मुलींच्या कडेवर भावंड असते. म्हणून गोष्टीचा तास सकाळी उन्हात, कोपीच्या आडोशाला घ्यावा, आणि तान्ह्या मुलांनाही सतरंजीवर जागा द्यावी. पुस्तकांत मोठ्या टाइपाची, थोड्या मजकुराची अधिक असावीत, कारण वय अकरा आणि वाचन दुसरीचे, अशी मुले तेथे पुष्कळ भेटतात. त्यांना शिशुवर्गाची बडबडगीते दिली, तर ती रुसतात. त्यांना गोष्ट आपल्या वयाची आणि वाक्ये आटोपशीर अशी हवी असतात. असे पुस्तक शोधणे हे ग्रंथपालाच्या कौशल्याचे काम आहे.

पेटीत एक वही ठेवावी. तीत मुलाचे नाव, पुस्तकाचे नाव आणि तारीख, एवढेच लिहावे, आणि ते शक्य तो मुलाकडूनच लिहवून घ्यावे. हंगाम संपत आला, म्हणजे एका सकाळी अवचित तळ उठतो. सामान गाडीत चढते, कोप्या मोडतात. त्या वेळी कोणाच्या हाती अर्धे वाचलेले पुस्तक असले, तर ते परत मागावे काय, असा प्रश्न पेटी सांभाळणाऱ्यापुढे उभा राहतो. मला विचाराल तर मी म्हणेन, ते मागू नये. वहीत त्या पुस्तकापुढे ‘वाचकासोबत गेले’ असे लिहून खाली सही करावी, आणि पुढच्या हंगामाच्या यादीत त्याची एक नवी प्रत मांडावी.