विश्लेषण : काळ्या गाडीवर ‘कोळ्याचे जाळे’ येते कुठून? घरच्या घरी चमक कशी टिकवायची?

शोरूममध्ये काळी गाडी पाहिली की अनेकांचा निर्णय तिथेच होतो. डिलिव्हरीच्या दिवशी बोनेटमध्ये चेहरा दिसत असतो, घरचे सगळे गाडीभोवती उभे राहून फोटो काढतात. मग सहा महिन्यांनी एखाद्या रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली गाडी उभी राहते आणि त्याच बोनेटवर बारीक गोल ओरखड्यांचे जाळे दिसू लागते. गाडी कुठे घासलेली नाही, कुणी ठोकलेली नाही. मग हे ओरखडे आले कुठून?

उत्तर थोडे टोचणारे आहे. बहुतेक वेळा ते रोज सकाळी गाडी पुसण्यातून येतात.

ओरखडे सगळ्यांवर, दिसतात काळ्यावर

आजच्या गाडीचा रंग एका थराचा नसतो. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग देणारा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट ४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची चमक या थरामुळे असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवण्याचे कामही हाच थर करतो.

पांढऱ्या गाडीचा बेस कोट बराचसा प्रकाश परत फेकतो, त्यामुळे ओरखड्यांवरून विखुरलेला थोडासा प्रकाश त्यात हरवून जातो. काळा रंग जवळजवळ सगळा प्रकाश शोषून घेतो. मागे अंधार आणि पुढे चकाकणारा ओरखडा, अशी ही स्थिती. धूळ आणि पाण्याचे डाग उठून दिसण्याचे कारणही हेच. ओरखडे गोल दिसतात ते मात्र फसवे आहे. ते आडवे-तिडवे, कोणत्याही दिशेने गेलेले असतात. दिव्याचा प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचवतात ते फक्त दिव्याला आडवे पडणारे ओरखडे, त्यामुळे दिव्याभोवती वर्तुळे असल्याचा भास होतो. खात्री करायची असेल तर रात्री मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरून हलवून पाहा. टॉर्चबरोबर जाळेही सरकते.

एक बादली, वीस गाड्या

शहरातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये पहाटे गाड्या पुसणारा एक माणूस येतो. त्याच्याकडे एक बादली, एक-दोन फडकी आणि दोन तासांत पंधरा-वीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ फडक्यात, फडके बादलीत आणि तेच फडके पुढच्या गाडीवर. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ म्हणजे वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा खूपच कठीण असतात. कोरड्या धुळीवर फडके फिरवणे म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपर फिरवण्यासारखेच आहे.

यात दोष त्या माणसाला देण्यात अर्थ नाही. महिन्याकाठी गाडीमागे मिळणाऱ्या पैशात त्याने प्रत्येक गाडीला वेगळे फडके आणि ताजे पाणी वापरावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. काळी गाडी असेल तर त्याला दोन मायक्रोफायबरची फडकी आणि वेगळी बादली द्या. रोज फक्त काचा, आरसे आणि आतला भाग पुसायला सांगा आणि रंगाला हात आठवड्यातून एकदाच लावा, तोही आधी पाणी मारून. पैसे मात्र कापू नका, नाहीतर ही व्यवस्था पंधरा दिवसही टिकणार नाही. गाडीवर धूळ दिसेल, शेजारी विचारतीलही. पण धूळ धुता येते, ओरखडा धुता येत नाही.

डॅशबोर्डखाली ठेवलेला मऊ ब्रश किंवा मेणाचा झाडू हेही कोरडेच काम. ओपन पार्किंगमधले कव्हर तर आणखी वाईट : वारा सुटला की कव्हर आणि रंग यांच्यामध्ये अडकलेली धूळ दिवसभर घासत राहते. धुळकट गाडीवर कव्हर न घातलेलेच बरे.

धुवायची कशी?

गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना धुवावी, म्हणजे सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. तापलेल्या काळ्या बोनेटवर शाम्पू आणि पाणी काही क्षणांत वाळते आणि डाग सोडते. आधी नुसत्या पाण्याने माती सैल करून वाहू द्यावी. चाके सगळ्यात घाण असतात, त्यांची बादली आणि स्पंज वेगळा.

त्यानंतर दोन बादल्या : एकीत कार शाम्पू, दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, छपरापासून सुरुवात करून एक भाग धुवायचा, मग मोजा साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शाम्पूत. हात सरळ रेषेत आणि जोर न लावता फिरवा. दरवाजांचा खालचा भाग आणि मागचा बंपर शेवटी, कारण तिथेच सर्वाधिक वाळू असते. मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद. भांड्यांचे लिक्विड किंवा कपड्यांची पावडर वापरू नका, वॅक्स लावले असेल तर ते त्यासोबत निघून जाते.

पाणीकपातीच्या दिवसांत पाइप लावता येत नाही आणि लावूही नये. त्यासाठी ‘रिन्सलेस वॉश’ नावाचे द्रावण मिळते. आठ-दहा लिटर पाण्यात झाकणभर टाकले की एका बादलीत गाडी होते, नंतर पाणी मारावे लागत नाही. मात्र पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या गाडीला ही पद्धत चालत नाही. तिथे आधी माती वाहून जायलाच हवी.

आरओचे पाणी : कोणते चालते, कोणते नाही

काळ्या रंगाचा दुसरा शत्रू म्हणजे जड पाणी. बोअरवेल आणि टँकरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळला की क्षार मागे राहतात आणि पांढरी वर्तुळे दिसतात. पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत आरओ फिल्टरचे बाहेर पडणारे पाणी बादलीत साठवून त्यानेच गाडी धुतली जाते. हेतू चांगला, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार एकवटलेले असतात. ते फरशीला वापरा, काळ्या गाडीला नको.

उलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असते, त्यात क्षार जवळपास नसतात. ते कापडातून गाळून बाटलीत भरावे आणि शेवटचा हात त्याने मारावा. मग जाड मायक्रोफायबर टॉवेल पत्र्यावर पसरून हलकेच ओढून घ्यावा, रगडू नये. डाग पडलेच असतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून मिनिटभर ठेवावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डाग महिनोन्महिने जुना असेल तर तो क्लिअर कोटमध्ये उतरलेला असतो, तिथे व्हिनेगर काही करत नाही.

पक्ष्यांची विष्ठा आम्लयुक्त असते आणि उन्हात तापलेल्या काळ्या पत्र्यावर तिचा परिणाम लवकर होतो. नखाने किंवा कोरड्या टिश्यूने खरवडू नका. ओले फडके त्यावर पाच मिनिटे ठेवा, नंतर उचलून घ्या. झाडाखाली गाडी लावल्यावर काचेवर चिकट थर दिसतो तोही लवकर धुतलेला बरा.

जाळे आधीच पडले असेल तर?

आधी ओरखड्यावरून नख फिरवून पाहा. नख अडकले तर ओरखडा खोल आहे, घरी निघणार नाही. अडकले नाही तर पॉलिशने बराचसा जातो. पण पॉलिश ओरखडा भरत नाही, आजूबाजूचा क्लिअर कोट त्याच्या तळापर्यंत खाली घासते. थर पातळ होतो तेव्हा चमक येते. म्हणूनच दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिशिंग’ करून घेणे म्हणजे ४० मायक्रॉनची शिल्लक खर्च करत राहणे. टूथपेस्टने ओरखडे घालवण्याचे व्हिडिओही याच खर्चात धरावेत. डिझेल किंवा रॉकेलच्या फडक्याने आलेली चमक तेलाची असते, तासाभरात त्यावर धूळ चिकटते.

हाताने करायचे तर बारीक कणांचे पॉलिश घ्यावे, कंपाउंड नव्हे. फोम पॅडवर थोडेसे घेऊन आधी एखाद्या कोपऱ्यात वीतभर जागेवर प्रयोग करा आणि पुसून टॉर्च मारून पाहा. त्याआधी धुतलेल्या पत्र्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून हात फिरवा. खरखर लागली तर चिकटलेले कण क्ले बारने, भरपूर ओलावा ठेवून, काढावे लागतात. मशीन घ्यायचे असेल तर ड्युअल अॅक्शन प्रकारचे घ्यावे. गॅरेजमधले रोटरी मशीन एकाच जागी गरगरते, नवख्या हातात ते काही सेकंदांत क्लिअर कोट जाळू शकते, विशेषतः पत्र्याच्या कडांवर. काळ्या गाडीवर उन्हात दिसणारे धुरकट पट्टे अनेकदा याच मशीनची देणगी असतात.

सिरॅमिक कोटिंग घ्यावे का?

वॅक्स काही आठवडे टिकते, सीलंट काही महिने, सिरॅमिक कोटिंग नीट सांभाळले तर वर्ष-दोन वर्षे किंवा अधिक. कोटिंगवरून पाणी घरंगळते, माती सहज निघते, म्हणजे घासावे कमी लागते. काळ्या गाडीला त्याचा खरा फायदा हाच. जाहिरातीतले ‘९ एच’ हे पेन्सिलने चरे पाडून मोजायच्या कसोटीचे माप आहे, हिऱ्याच्या कठीणपणाशी त्याचा संबंध नाही. दगड उडाला, किल्ली घासली तर कोटिंग वाचवत नाही. त्यासाठी १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म, म्हणजे पीपीएफ लागते आणि ती बरीच महाग असते. बजेट कमी असेल तर फिल्म फक्त बोनेट आणि पुढच्या बंपरला लावता येते. आणि कोटिंगखाली जे झाकले जाते ते तसेच राहते, त्यामुळे जाळे न काढता केलेले कोटिंग म्हणजे जाळ्यावर चढवलेली काच. डीलरकडे सही करण्यापूर्वी नवी गाडीही टॉर्चखाली पाहून घ्या, यार्डात ती किती वेळा कोरडी पुसली गेली हे तिथेच कळते.

दसऱ्याला बोनेटवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढले जाते आणि झेंडूचा हार बांधून गाडी दिवसभर फिरवली जाते. कुंकवाचा रंग उन्हातान्हात राहिला तर डाग राहू शकतो आणि हाराचा दोरा वाऱ्याने हलत एकाच जागी घासत राहतो. स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढले आणि हार ग्रिलला घट्ट बांधला तर पूजा तीच होते. संध्याकाळी घरी आल्यावर हार काढताना तो बोनेटवरून ओढू नये, उचलून घ्यावा.