काटकसर कोणाची, उधळपट्टी कोणाची?

पैसा जपून वापरणाऱ्या माणसासाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. कौतुक करायचे तर तो काटकसरी, हिशेबी, टुकीने संसार करणारा. नावे ठेवायची तर तोच चिक्कू, कंजूष, कवडीचुंबक. खर्च करणाऱ्याचेही तसेच. आपला असला तर सढळ हाताचा आणि दिलदार, परका असला तर उधळ्या. वागणे एकच असते. शब्द कोणता लावायचा हे बोलणाऱ्यावर ठरते.

काटकसर हा माणसाच्या स्वभावाचा भाग आहे, फार तर घराण्याच्या किंवा जातीच्या वळणाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कोकणस्थांची काटकसर आणि वऱ्हाडी माणसाचा पाहुणचार यांवरचे विनोद याच समजुतीवर उभे आहेत. पण घराघरांतल्या खर्चाच्या सवयी जरा बारकाईने पाहिल्या, तर स्वभावाच्या आधी दोन प्रश्न उभे राहतात. या घरात पुढचा पैसा कधी येणार? आणि तो आला नाही, तर मदतीला कोण येणार? काटकसरीचे बहुतेक प्रकार म्हणजे या दोन प्रश्नांना दिलेली उत्तरे आहेत. पैसा महिन्याला येतो, वर्षाला येतो की रोज संध्याकाळी, यावर ती उत्तरे बदलतात.

महिन्याचा पैसा

ज्या काटकसरीला आपण ‘खरी’ काटकसर मानतो, ती महिन्याच्या पगारातून जन्माला आली. कोकणात भातखाचरे लहान, जमीन तुटपुंजी, रोख पैसा देणारे पीक फारसे नाही. त्यामुळे घरटी एकदोन माणसे मुंबई-पुण्याला नोकरीला गेली आणि घर मनिऑर्डरीवर चालू लागले. मनिऑर्डरीची रक्कम ठरलेली, तिची तारीखही साधारण ठरलेली. चांगल्या हंगामाने ती दुप्पट होणार नव्हती, पाऊस पडला नाही म्हणून बुडणारही नव्हती. अशा पैशाचे वाटे आधीच पाडता येतात. पगाराच्या दिवशी वाणसामान, दूध, घरभाडे, फी अशी वेगवेगळी पाकिटे करणारी पिढी अनेकांच्या आठवणीत असेल. दुधाच्या पाकिटातला पैसा फीला वापरायचा नाही, हा नियम घरातले सगळे पाळत. समाजशास्त्रज्ञ व्हिव्हियाना झेलिझर यांनी १९९४च्या आपल्या पुस्तकात अमेरिकी कुटुंबांतली हीच रीत तपशिलाने मांडली आहे. सगळे रुपये सारखे असतात असे अर्थशास्त्र म्हणते. घरात मात्र प्रत्येक रुपयाला त्याचे काम नेमून दिलेले असते.

या काटकसरीला सोबत करणाऱ्या संस्थाही पगारदाराला सोयीच्या होत्या. टपाल खात्याची बचत बँक १८८२मध्ये सुरू झाली, आयुर्विमा महामंडळ १९५६मध्ये, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी १९६८मध्ये. शेवटी निवृत्तिवेतन. म्हातारपणी कोण पाहणार, या प्रश्नाचे उत्तर सरकारने लिहून दिलेले होते. नातेवाइकांवर सढळ हाताने खर्च करून त्यांना जोडून ठेवण्याची निकड त्यामुळे कमी झाली. पुढे ज्याला तुसडेपणा म्हटले गेले, त्यातला काही भाग तरी या निश्चिंतीतून आलेला आहे.

पण पगार महिन्याचा असला म्हणजे शिल्लक पडतेच असे नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराचेच पाहा. त्यालाही महिन्याचाच पगार होता, पण तो पुढच्या महिन्याच्या मध्याला हातात पडे. म्हणजे नव्याने लागलेला माणूस पहिले सहा आठवडे उधारीवरच जगे, आणि एकदा वाण्याच्या वहीत शिरलेले नाव सहसा बाहेर येत नसे. १९२१-२२मध्ये मुंबईच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची सरकारी पाहणी झाली. तीत ४७ टक्के कुटुंबे कर्जात असल्याचे आढळले. व्याजाचा नेहमीचा दर होता महिन्याला रुपयामागे एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. या दराने कर्ज फेडणाऱ्या माणसाला बचतीचा उपदेश करणे व्यर्थ होते. त्याला पगार वेळेवर मिळणे अधिक गरजेचे होते. १९३६च्या वेतन अदायगी कायद्याने तेच केले. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सातव्या दिवसाच्या आत, जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत पगार झालाच पाहिजे, असे बंधन आले. कामगारांच्या स्वभावात बदल न होताही उधारीचे दिवस कमी करता येतात, हे कायदा करणाऱ्यांना कळले होते.

वर्षाचा पैसा

शेतकऱ्याचा पैसा वर्षातून एकदोनदा येतो, आणि किती येईल हे त्याच्या हातात नसते. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्या काळ्या जमिनीवरून पडली, तिथे कापूस हे रोख पैशाचे पीक. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि युद्ध संपताच कोसळले. अशा पैशाची बारा पाकिटे करता येत नाहीत. आला तेव्हा विहीर, बैलजोडी, सोने, भांडी आणि पाहुणचार यांत तो घातला जातो. बाहेरच्याला यातला पाहुणचार उधळपट्टी वाटतो. पण जिथे विमा नाही आणि निवृत्तिवेतन नाही, तिथे सोयरे-धायरे हीच ठेव असते. सुगीच्या वर्षी वाढलेल्या पंगतीची आठवण दुष्काळाच्या वर्षी कामाला येते. सोन्याचेही तसेच. अंगावरचा दागिना मिरवता येतो आणि अडल्या वेळी गहाणही टाकता येतो.

शेतकरी लग्नकार्यात पैसे उडवतो म्हणून कर्जात बुडतो, हा आरोप जुना आहे. त्याची चौकशीही जुनी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख माणसांवर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. ते मागून घेऊन जाळले गेले. सरकारने नेमलेल्या आयोगाने या दंग्यांची कारणे शोधली. लग्न आणि सण यांवरच्या खर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे, असा या आयोगाचा निष्कर्ष होता. असे प्रसंग क्वचित येतात. काही वर्षांचा मिळून हिशेब केला, तर त्या ऐपतीच्या माणसाने आनंदासाठी इतके खर्चावे यात वावगे काही नाही, असे त्याने नोंदवले. पीक येवो न येवो, रोख आणि ठरल्या तारखेला भरायचा शेतसारा, फेरमोजणीत वाढलेले दर, कापसाचे पडलेले भाव आणि सावकाराच्या हातात गेलेली न्यायालये ही कारणे त्याहून मोठी होती. त्यातूनच १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

म्हणजे लग्नातल्या खर्चाची चिंता खोटी होती असे नाही. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३पासून कमी खर्चाच्या, साध्या विवाहांचा पुरस्कार केला. पण त्याच फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सारा, जकात आणि सरकारी कामगारांची लूट यांचाही हिशेब मांडला. खर्च आटोक्यात ठेवा हे त्यांनी सांगितले, आणि दारिद्र्याचे खापर केवळ खर्चावर फोडू दिले नाही. दीडशे वर्षांनंतर शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत मुलीच्या लग्नाचा खर्च पहिल्या वाक्यात येतो आणि पिकाचा भाव शेवटच्या. आयोगाचा तो निष्कर्ष त्या वेळी आठवायला हवा.

रोजचा पैसा

रोजंदारीवरच्या घरात पैसा संध्याकाळी येतो आणि वाण्याच्या दुकानातून घरी जातो. तेल पावशेर, साखर छटाक, चहाची पुडी. किरकोळीत सगळे महाग पडते हे घेणाऱ्याला पुरते ठाऊक असते. पाच लिटरचा डबा स्वस्त पडतो, पण तो घ्यायला पाच लिटरचे पैसे एकदम लागतात. २०१६मध्ये उज्ज्वला योजनेतून गरीब घरांत गॅसजोडण्या गेल्या, तेव्हा याच अडचणीने पुन्हा डोके वर काढले. जोडणी आली, पण १४.२ किलोच्या टाकीचे पैसे एका वेळी काढणे अनेकांना जमेना आणि चूल चालूच राहिली. पुढे पाच किलोच्या टाकीचा पर्याय द्यावा लागला. दररोज सरपण घेणारी बाई अडाणी नसते. तिच्याकडे रोजचे पैसे असतात, महिन्याचे नसतात.

रोजच्या कमाईवरची माणसे बचत करत नाहीत, हाही गैरसमज. भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांच्या पैशांच्या रोजनिशा संशोधकांनी वर्षभर ठेवल्या. २००९मध्ये त्या पुस्तकरूपाने आल्या. ही कुटुंबे हातावरच्या पोटाने जगतात तरी एकाच वेळी साठवतात, उसने देतात, उसने घेतात आणि भिशीही लावतात, असे त्यांतून दिसले. आपल्याकडची भिशी ही याच शहाणपणाची देणगी. दर महिन्याला प्रत्येकीने सारखी रक्कम घालायची आणि चिठ्ठी निघेल तिने सगळी उचलायची. व्याज नसते. मिळतो तो एकरकमी पैसा आणि हप्ता चुकवला तर चारचौघींत मान खाली जाईल हा धाक. बँकेला जे जमत नाही ते हा धाक करतो.

सणाचे काय? अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांनी २००७च्या एका लेखात उदयपूर जिल्ह्यातल्या अत्यंत गरीब कुटुंबांचे खर्च मांडले. पोटभर अन्न नाही, तरीही मधल्या पायरीवरचे कुटुंब वर्षाच्या खर्चातला सुमारे १० टक्के भाग लग्न, उत्तरकार्य आणि सण यांवर करत होते. ‘ऋण काढून सण’ म्हणून याला नाके मुरडता येतात. पण वर्षातले इतर सगळे दिवस सारखेच जात असतील, तर चार दिवस वेगळे जावेत ही गरज पोटाच्या गरजेहून फार दूरची नाही. शिवाय गावात आपणही माणसांत मोडतो, हे त्या चार दिवसांत सिद्ध करायचे असते.

एकरकमी पैशाची गरज किती महाग पडू शकते, हे पाहायचे तर बीडकडे जावे लागेल. आपण फराळाची तयारी करत असतो त्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या बैलगाड्या आणि ट्रक साखरपट्ट्याकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. या कोयत्याने मुकादमाकडून हंगामाआधी ‘उचल’ घेतलेली असते. त्यातून जुने देणे, दवाखाना, लग्न भागवले जाते आणि मग ती टनावारी फेडायची असते. एक दिवस खाडा झाला की भुर्दंड. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामात. उचल घेणाऱ्याला उधळ्या म्हणणे सोपे आहे, पण त्याला त्या दारात एवढी रक्कम देणारे दुसरे कोणी नसते. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा २०१३मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे आठवतो. तेच शेतकरी पीक विकल्यानंतर बुद्धीच्या चाचण्यांत जेवढे चांगले उतरले, तेवढे पीक हाती येण्याआधीच्या तंगीत उतरले नाहीत. चणचण असताना घेतलेले निर्णय चुकतात त्याचे कारण बहुधा चणचणीतच असते.

घरातल्या घरात

आतापर्यंत घर एक मानून हिशेब केला. प्रत्यक्षात घरातही काटकसरीचे वाटे सारखे नसतात. ८ नोव्हेंबर २०१६ला पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा डाळीच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून आणि देवघरातून बायकांनी साठवलेल्या नोटा बाहेर निघाल्या. अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची चौकशी होणार नाही, असे सरकारने गृहिणींना सांगितले. पण त्यांना भीती आयकर खात्याची नव्हती. घरात कुणालाच माहीत नसलेली रक्कम उघड झाली, याचे दुःख होते. घरखर्चातून वाचवलेल्या या पैशाला कुणी बचत म्हटले, कुणी चोरून ठेवलेला पैसा. अडल्या वेळी मात्र घर त्याच डब्याकडे वळत आले होते.

आणि तो पैसा कशातून वाचला होता? बरेचदा स्वतःच्या ताटातून. सगळ्यांचे झाल्यावर उरेल ते खाणे, दूध मुलांना, फळ आजाऱ्याला, हीच अनेक घरांत काटकसरीची पहिली पायरी राहिली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पुरुषांत हे प्रमाण त्याच्या निम्म्याहून कमी होते. यामागे शरीरधर्माची कारणे आहेतच. पण ‘किती टुकीने संसार केला’ असे कौतुक करताना, ती टुकी कुणाच्या जेवणातून आली हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

उलटे झालेले घड्याळ

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पगारदारांच्या पैशाची दिशाही फिरली. पूर्वी आधी साठवायचे, मग वस्तू आणायची. दिवाळीचा बोनस, १९६५च्या कायद्याप्रमाणे किमान ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या वेतनाचा बारावा हिस्सा, हाच अनेक घरांत फ्रिजचा किंवा सोन्याच्या वळ्याचा मुहूर्त असे. आता वस्तू आधी येते, हप्ते मागून जातात. रिझर्व्ह बँकेने २०२३मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार घरगुती निव्वळ वित्तीय बचत २०२०-२१मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ११.५ टक्के होती. ती २०२२-२३मध्ये ५.१ टक्क्यांवर आली. आधीचा आकडा टाळेबंदीमुळे फुगलेला होता हे खरे, पण कर्जेही वाढली हे तितकेच खरे.

यावरून घराघरांत वाद होतात. निवृत्त वडिलांना मुलाचे बाहेरचे जेवण खुपते, मुलाला वडिलांनी जपून ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. वडिलांच्या काटकसरीमागे निवृत्तिवेतनाची हमी होती. मुलाला पगार मोठा आहे, हमी नाही. घराचा हप्ता वीस वर्षांचा आहे आणि नोकरी किती वर्षांची हे कुणी सांगत नाही. खरे तर अधिक शिल्लक त्यालाच हवी. आणि त्याच्या दारात जेवण आणून देणाऱ्या तरुणाची कमाई तर फेऱ्यांवर मोजली जाते. ज्या शहरात एकेकाळी महिन्याचा पगार हे मध्यमवर्गाचे लक्षण होते, तिथे पुन्हा रोजच्या पैशावर जगणारा मोठा वर्ग उभा राहतो आहे. त्याला थेंबे थेंबे तळे साचवायला सांगण्यापूर्वी त्याच्या थेंबाची तारीख ठरवून द्यावी लागेल, जशी १९३६मध्ये गिरणी कामगाराला दिली गेली. अपघात झाला, आजारपण आले तर त्याच्या मागे कोण उभे राहणार, हेही ठरवावे लागेल. ही दोन उत्तरे मिळाली, तर जपून खर्च कसा करायचा हे त्याला शिकवण्याची फारशी गरज उरणार नाही.