कंदीलपुष्पाचा फोटो काढताना

पावसाने उघडीप दिली आणि आश्विन लागला, की काही दिवस असे येतात की पहाटे चादर अंगावर ओढावी लागते आणि दुपारी पंखा पुरत नाही. दुपारच्या उन्हाला आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणून नावे ठेवतो. पण त्याच दिवसांतली सकाळी सहा ते साडेआठची वेळ झाडाफुलांचे फोटो काढणाऱ्यांसाठी वर्षातली सर्वांत चांगली. पावसाळ्यात उगवलेल्या बहुतेक वनस्पती अजून हिरव्या असतात, बऱ्याच फुलावर असतात आणि काहींना शेंगाही धरू लागलेल्या असतात. एकाच फांदीवर कळी, फूल आणि फळ सापडावे, असे दिवस वर्षात फार नसतात.

त्यासाठी दूरच्या डोंगरावरच जायला हवे असे नाही. वनस्पती उद्यान हा उत्तम पर्याय आहे, कारण तिथे झाडाशेजारी त्याचे नाव लिहिलेले असते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे वनस्पती उद्यान तर या मोसमासाठी खास. सह्याद्रीतल्या दुर्मीळ वनस्पती, विशेषतः कंदीलपुष्पे, जतन करणारी बाग म्हणून ते अभ्यासकांना परिचित आहे. कंदीलपुष्प म्हणजे ‘सेरोपेजिया’. फुलाचा आकार खरोखरच छोट्या कंदिलासारखा. पाऊस ओसरता ओसरता ही फुले उमलतात आणि दिवाळीचे आकाशकंदील टांगले जाईपर्यंत बऱ्याच जातींचा मोसम सरलेला असतो.

सकाळच का?

पहिले कारण वारा. रात्री जमीन गार होते, तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होते आणि खालीच बसून राहते. ऊन तापू लागले की हवा वर-खाली होऊ लागते आणि वारा सुटतो. डोळ्यांना न जाणवणारी झुळूकही जवळून काढलेल्या फोटोत फूल पुसट करते. इंचभर फुलाचा फोटो अगदी जवळून काढला, तर त्यातला जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट दिसतो. देठ तेवढा हलला तरी खेळ संपला.

दुसरे कारण प्रकाश. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना वातावरणातून लांबचा प्रवास करावा लागतो. वाटेत निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि आपल्यापर्यंत मऊ, पिवळसर ऊन पोहोचते. ते तिरपे पडत असल्याने पानावरची लव, शिरा, कडांचे दाते उठून दिसतात. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात हे सगळे सपाट होते.

थेंब दोन प्रकारचे

सकाळी पानावर दिसणारे सगळे पाणी दव नसते. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे सोडून गार होते आणि हवेतले बाष्प त्याच्यावर बारीक थेंबांच्या रूपात जमते. हे दव. ते पानभर पसरलेले असते. पण अळूचे पान पाहा. त्याच्या टोकाशी एकच टपोरा थेंब लोंबत असतो, थोड्या वेळाने पडतो आणि पुन्हा तयार होतो. हे पाणी आकाशातून आलेले नाही. ते मुळांनी जमिनीतून वर ढकललेले आहे. रात्री पर्णरंध्रे मिटलेली असल्याने बाष्पोत्सर्जन मंदावते, पण मुळे पाणी ओढतच राहतात. तो दाब पानाच्या टोकाशी किंवा कडेला असलेल्या जलरंध्रांवाटे मोकळा होतो. याला बिंदुस्राव म्हणतात.

अळूच्याच पानावर मधोमध पडलेले पाणी मात्र पाऱ्यासारखे घरंगळते. पानाच्या पृष्ठभागावरचे अतिसूक्ष्म उंचवटे आणि मेणाचा थर यांमुळे थेंब पानाला नीट टेकतच नाही. घरंगळताना तो धूळही सोबत नेतो. एकाच पानावरचे हे दोन प्रकारचे पाणी आपल्या परसातही दिसते. फोन जवळ नेऊन एक फोटो काढला आणि मोठा करून पाहिला, की फरक लगेच कळतो.

माशीला दिवसभराची कोठडी

आता कंदीलपुष्पाकडे वळू. हे रुईच्या कुळातले. खाली किंचित फुगीर बुंधा, त्यावर नळी आणि वर पाच पाकळ्या. बहुतेक जातींत पाकळ्यांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात. त्यामुळे वर एक पिंजरा तयार होतो आणि पाकळ्यांच्या मधल्या फटी या त्याच्या खिडक्या. लिनियसने 1753 साली या प्रजातीला दिलेल्या शास्त्रीय नावातही मेणाचा संदर्भ आहे.

ही सजावट छोट्या माश्यांसाठी असते. गंधाने ओढलेली माशी खिडकीतून आत शिरते, निसरड्या भिंतीवरून नळीत घसरते आणि बुंध्यातल्या कोठडीत पडते. नळीच्या आतले ताठ केस खालच्या दिशेने वळलेले असतात. त्यामुळे आत जाणे सोपे आणि बाहेर येणे अशक्य. अनेक जातींत बुंध्याशी फुलाची भिंत पातळ आणि अर्धपारदर्शक असते. तिथून उजेड येतो आणि सुटकेची वाट तिकडेच आहे असे समजून माशी तिथेच घोटाळत राहते. नेमके तिथेच परागकण असतात. या कुळात ते सुटी भुकटी नसून मेणासारख्या छोट्या पुडक्यांत बांधलेले असतात. हे पुडके माशीच्या तोंडाला अडकते. साधारण दिवसभराने केस मलूल होतात, फूल कलते आणि माशी मोकळी होऊन पुढच्या फुलात तशीच फसते.

माशीला ओढणाऱ्या गंधाचा अभ्यास अजून मोजक्याच जातींचा झाला आहे. दक्षिण आफ्रिकेतील एका जातीवरचे संशोधन 2016 साली प्रसिद्ध झाले. कोळ्याच्या तावडीत सापडलेल्या मधमाशीच्या अंगातून पाझरणारा रस पिणाऱ्या काही माश्या असतात. हे फूल संकटातल्या मधमाशीसारखाच गंध सोडते आणि त्या माश्यांना फसवते. आपल्याकडच्या जाती कोणता गंध वापरतात, हे शोधण्याचे बरेच काम बाकी आहे.

फोटोसाठी यातला उपयोगाचा धडा असा: एक फोटो सूर्य फुलाच्या मागे ठेवून काढा. प्रकाश आरपार आला की बुंध्याशी असलेला उजेडाचा झरोका आणि नळीतले केस अनेकदा बाहेरूनच दिसतात. आत काय आहे ते पाहण्यासाठी फूल चिरायची गरज पडत नाही.

बागेत का आणावे लागले?

भारतात कंदीलपुष्पाच्या पन्नासहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुसंख्य जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. सह्याद्री हे त्यांचे मोठे घर. सेरोपेजिया सह्याद्रिका, सेरोपेजिया महाराष्ट्रेन्सिस, नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या नावाची सेरोपेजिया अंजनेरिका, ही नावेच त्यांचा पत्ता सांगतात. काही जाती एखाद्या पठारापुरत्या किंवा कड्यापुरत्या उरल्या आहेत.

याचे एक कारण जमिनीखाली आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कंदीलपुष्पांना कंद असतो. उन्हाळाभर वर काहीच दिसत नाही. पहिल्या पावसाबरोबर कोंब फुटतो. काही जातींचे कंद खाता येतात. गुराख्यांना आणि रानात हिंडणाऱ्या मुलांना ते ठाऊक असते. कंद उपटला की ते झाड कायमचे गेले. त्यात चराई, वणवे, पठारांवरचे खोदकाम आणि अलीकडे फुलांच्या मोसमातली गर्दी यांची भर पडली. शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गटाचा अनेक वर्षे अभ्यास केला. बागेत जपलेले रोप हा अशा जातींसाठी एक प्रकारचा विमा असतो. विम्याने घर परत मिळत नाही, पण सगळेच हातचे जात नाही.

फुलानंतर या वेलींना शिंगांच्या जोडीसारख्या दोन बारीक शेंगा येतात. त्या फुटल्या की रुईच्या ‘म्हातारी’सारखे रेशमी झुपके लावलेले बी वाऱ्यावर निघते. फुलांच्या नादात या शेंगांचा फोटो राहून जातो. खरे तर पुढच्या वर्षी ती जात तिथे असेल की नाही, हे त्या शेंगाच ठरवतात.

ओळख पटवायची तर

एका सुंदर फोटोवरून जात ओळखता येतेच असे नाही. अभ्यासकाला उपयोगी पडायचे असेल तर एका झाडाचे पाच-सहा फोटो हवेत: पूर्ण झाड आणि आजूबाजूची जागा, फूल समोरून, फूल बाजूने, पानाची वरची आणि खालची बाजू, पाने देठावर समोरासमोर आहेत की एकाआड एक हे दाखवणारा फोटो, आणि असल्यास फळ. एका फोटोत आकाराच्या अंदाजासाठी शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवावे. तारीख फोन आपोआप नोंदवतो. तीच मोलाची. एकाच बागेतल्या त्याच वेलीला दर वर्षी पहिले फूल कधी आले, याची दहा वर्षांची नोंद असेल, तर लांबलेल्या पावसाचा तिच्यावर काय परिणाम होतो, यावर पुराव्यानिशी बोलता येते.

फोटो म्हणजे खायची परवानगी नव्हे

या सदराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. झाडाचा फोटो टाकला की नाव सांगणारी ॲप आज अनेकांच्या फोनमध्ये आहेत. ती चित्रांची तुलना करतात. त्यांचा अंदाज बरेचदा बरोबर येतो, पण तो अंदाजच असतो. त्या भरवशावर कंद, पान किंवा बी तोंडात टाकू नये.

उदाहरण याच मोसमातले आहे. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी आता कुंपणांवर फुललेली असते. तिलाही कंद असतो आणि तो विषारी असतो. त्यात कोल्चिसिन असते. हेच द्रव्य डॉक्टर संधिवाताच्या ‘गाऊट’ या प्रकारात अगदी मोजक्या मात्रेत देतात. पण कंद खाल्ल्यास ते जिवावर बेतू शकते. खाण्याजोगा कंद समजून कळलावी खाल्ल्याने विषबाधा आणि मृत्यू झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. सुरुवात उलट्या-जुलाबांनी, तीही काही तास उलटल्यावर होते, म्हणून ती साधे पोट बिघडल्यासारखी वाटते. पुढच्या एक-दोन दिवसांत मूत्रपिंड, यकृत, रक्त यांवर परिणाम होऊ शकतो. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बिया हृदयाचे ठोके बिघडवतात. कोणी अनोळखी वनस्पती खाल्ल्याचे कळले, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. उरलेला तुकडा पिशवीत सोबत न्यावा आणि झाडाचे स्पष्ट फोटोही. त्या वेळी पान आणि फूल नीट दिसणारा फोटो डॉक्टरांना खरोखर मदत करतो.

दोन साध्या खबरदाऱ्या आणखी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि सकाळी त्याचा जोर असतो. म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि उघड्या भागावर डास पळवणारे मलम लावावे. गवतात गुडघा टेकण्याआधी काठीने जागा चाचपून घ्यावी.

पत्ता कोणाला सांगायचा?

फोन फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांशही साठवतो. बागेतल्या झाडाच्या बाबतीत त्याने बिघडत नाही. पण तीच जात डोंगरावर सापडली, फोटो समाजमाध्यमावर गेला आणि खाली कोणी पत्ता विचारला, की पुढच्या रविवारी तिथे गर्दी जमते. कधी कंद खणून नेणाराही येतो. आयनॅचरलिस्टसारख्या नोंदींच्या मंचावर धोक्यातल्या जातींचे नेमके ठिकाण मुद्दाम धूसर केले जाते, ते यासाठीच. आपणही तालुक्याचे नाव सांगून थांबावे आणि नेमकी जागा अभ्यासकाला किंवा वन विभागाला कळवावी.

बागेत सराव करण्याचा खरा फायदा हाच. नावाची पाटी समोर असताना एक जात नीट पाहून, सर्व बाजूंनी टिपून ठेवली, की पुढे कधी डोंगरात ती दिसल्यावर तिला हात न लावताही ओळखता येते. बऱ्याच कंदीलपुष्पांचा मोसम अजून थोडे दिवस आहे. त्यानंतर वेल वाळेल आणि जमिनीवर त्याची खूणही राहणार नाही. खाली कंद मात्र पुढच्या पावसाची वाट पाहत असेल, कोणी तो उपटला नाही तर.